जुनी गाडी घ्यायची, पण पारखायची कोणी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या बैठकांत अलीकडे एक विषय वारंवार निघतो : संघटनेची स्वतःची एक गाडी असावी का? काही वर्षांपूर्वी हा प्रश्न हसण्यावारी गेला असता. आज तो गंभीरपणे विचारला जातो, कारण आपल्या कामानेच तो आपल्यापुढे आणून ठेवला आहे.

सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. उमरखेडहून किंवा वणीहून यवतमाळला यायचे तर शंभर किलोमीटरच्या वर रस्ता आहे. जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कचेरी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सगळे यवतमाळात. मूर्तिजापूरहून येणारी 'शकुंतला' बंद पडून वर्षे लोटली. एसटी हाच बायकांचा आधार. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, ते चांगलेच झाले. पण अर्ध्या तिकिटालाही बस अख्खीच यावी लागते. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात गावे कशी तुटली होती, ते आपण विसरलेलो नाही. घाटंजी, मारेगाव, झरी-जामणीकडच्या कोलाम पोडांवरून रात्री एखाद्या मारहाण झालेल्या बाईचा निरोप येतो, तेव्हा गाडी कोणाकडे मागायची? बहुतेक वेळा ज्याच्याकडे गाडी आहे तो तिच्या नवऱ्याच्या बैठकीतलाच असतो.

तेव्हा गाडी ही चैन आहे, हा आक्षेप बाजूला ठेवू. खरा प्रश्न पुढचा आहे. नवी गाडी आपल्या ऐपतीबाहेरची, म्हणून जुनी घ्यायची. जुनी म्हणजे बहुतेक वेळा हाताने गिअर टाकायची, सात-आठ माणसे बसतील अशी. आणि जुन्या गाडीत सगळ्यांना धास्ती असते ती गिअरबॉक्सची. इंजिनाचा धूर दिसतो, पत्र्याचा गंज दिसतो, टायर दिसतात. गिअरबॉक्स बंद डब्यात असतो. तो कसा आहे हे सांगायला जाणकार लागतो. आणि 'जाणकार' हा शब्द आला की बैठकीतल्या साऱ्या बायका गप्प होऊन कुणाच्या तरी भावाकडे, नवऱ्याकडे, जावयाकडे पाहू लागतात.

माझे म्हणणे या लेखात एवढेच आहे की गाडी पारखण्याचे काम बायकांच्या गटाने स्वतः केले पाहिजे. ते करता येते. आणि ते केले नाही तर गाडी गटाच्या पैशाची असूनही गटाची होत नाही.

हे का म्हणते, ते सांगते. जिल्ह्यातल्या एका महिला संघाने बचतीतून आणि व्याजातून जमवलेल्या पैशांतून जुनी जीप घेतली. नाव देत नाही, कारण हे अनेकांचे झाले आहे. पैसे बायकांचे, धनादेशावर सह्या बायकांच्या. गाडी पाहायला गेले अध्यक्षांचे यजमान आणि एक दलाल. दोघी-तिघी सोबत निघाल्या तर दलाल म्हणाला, "तुमाले काय समजते ताई गाडीतलं? ऊन लागन उगाच. आमी पाहून घेतो." गाडी आली, पूजा झाली, पेढे वाटले. पंधरवड्यात उतारावर दुसरा गिअर आपोआप निसटू लागला. महिनाभरात गिअरबॉक्स उतरवावा लागला, आणि त्या खर्चात दोन गटांना द्यायचे ठरलेले अंतर्गत कर्ज थांबले. दलाल म्हणाला, विकली तेव्हा ठीक होती. यजमान म्हणाले, जुन्या गाडीत असे चालायचेच. जाब विचारायचा तर बायकांपैकी कोणी गाडी चालवून पाहिली नव्हती. गाडी बरेच दिवस निंबाखाली उभी राहिली आणि गावात बोलणे झाले, "बायकाइले गाडी सांभाळता येते काय?"

या बोलण्याकडे नीट पाहा. निवड पुरुषांनी केली, फसगत त्यांच्या निवडीची झाली, नुकसान बायकांच्या बचतीचे झाले आणि ठपका बायकांवर आला. जमिनीच्या, विहिरीच्या, बियाण्याच्या व्यवहारात हेच आपण वर्षानुवर्षे पाहतो.

ऑटोमॅटिकचा सल्ला

गाडीचा विषय काढला की दुसरा एक सल्ला हमखास मिळतो : "बायकांना चालवायची ना, मग बिनगिअरचीच घ्या, सोपी पडते." सल्ला आपुलकीचा असतो. पण त्यात बायकांना डावा पाय आणि डावा हात एकाच वेळी चालवता येणार नाहीत असे गृहीत धरलेले असते. विहिरीवरून डोक्यावर एक आणि कमरेवर एक गुंड घेऊन, बोटाला मूल धरून चालणाऱ्या बाईबद्दल हे गृहीत धरले जाते.

व्यवहाराच्या बाजूनेही हा सल्ला आपल्याला परवडणारा नाही. तशी गाडी जुन्या बाजारातही महाग मिळते, आपल्याकडे कमी मिळते. तिच्यात बिघाड झाला तर शोधायला संगणकाची जोडणी लागते आणि तालुक्याच्या ठिकाणी ती सोय क्वचितच असते. हाताच्या गिअरची गाडी दारव्हा, पुसद, पांढरकवडा, कुठल्याही गावचा मिस्त्री उघडू शकतो. चिखलात रुतली तर पुढे-मागे झुलवून काढता येते. बॅटरी बसली तर चौघींनी ढकलून चालू करता येते. ज्या बाईला पाठदुखी, गुडघेदुखी किंवा अपंगत्वामुळे क्लच दाबणे जड जाते तिचा प्रश्न वेगळा, तिच्यासाठी बिनगिअरचीच योग्य. बाकी आपल्या कामाला जुनी, साधी, गिअरची गाडी पुरेशी आहे. फक्त ती पारखून घ्यायला हवी.

गिअरबॉक्सची परीक्षा

पारखायला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. कान, नाक, हात आणि पाय लागतात. पुढे जे लिहिते आहे ते बैठकीत मोठ्याने वाचावे आणि शक्य असेल तर कुणाच्या तरी उभ्या गाडीवर करून पाहावे.

पहिली अट : गाडी थंड असताना पाहायची. आम्ही पोचण्याआधी गाडी सुरू करू नका, असे विकणाऱ्याला आधीच सांगावे. पोचल्यावर बॉनेटला हात लावावा. ते गरम असेल तर कोणीतरी काहीतरी लपवले असण्याचा संभव आहे, कारण अवघड पडणारे गिअर गाडी तापल्यावर पुष्कळदा सैल पडतात.

दुसरे : इंजिन बंद ठेवून क्लच दाबावा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून पाहावेत. मग इंजिन सुरू करून, गाडी जागच्या जागी ठेवून तेच करावे. बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष बहुधा क्लचचा आहे, क्लच पुरता सुटत नाही. दोन्ही वेळा अडत असतील तर दोष लिव्हरच्या जोडणीत किंवा डब्याच्या आत आहे. हा फरक ओळखता आला पाहिजे. क्लचचे काम काही हजारांत होते. गिअरबॉक्स उतरवून उघडायचा तर त्याच्या कितीतरी पट पैसे लागतात. मिस्त्रीने क्लचच्या दुखण्याला गिअरबॉक्सचे बिल लावू नये आणि विकणाऱ्याने गिअरबॉक्सच्या दुखण्याला "क्लच थोडा टाइट करा, बस" म्हणून टाळू नये, यासाठी एवढे माहीत हवेच.

तिसरे : गाडी सुरू, गिअर न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला. आता ऐका. घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्समधले बेअरिंग झिजले असावे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचे बेअरिंग गेले असावे. दुसरा दोष पहिल्यापेक्षा स्वस्तात दुरुस्त होतो.

चौथे : गाडी चालवून पाहावी, आणि गटातल्या बाईने चालवावी. परवाना असलेली कोणीच नसेल तर निदान चालकाशेजारी बसून लिव्हरवर लक्ष ठेवावे. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आणि तसेच खाली उतरताना करकर आवाज आला, तर दातांचा वेग जुळवणाऱ्या कड्या झिजल्या आहेत. रिव्हर्सबाबत मात्र घाई करू नये. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला अशी कडी नसते. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून क्षणभर थांबून टाकला तर तो पडतो. तरीही रोज करकरला तर दोष समजावा.

पाचवे : चढ आणि उतार हवाच. सपाट डांबरी रस्त्यावर गाडी दाखवणाऱ्याला नम्रपणे म्हणावे, "भाऊ, आपण घाटातून जाऊन येऊ." यवतमाळजवळचा करळगावचा घाट यासाठी चांगला. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि लिव्हर हातात न धरता पाहावी. गिअर निसटून न्यूट्रलमध्ये आला तर ती गाडी घेऊ नये. भरल्या गाडीत, घाटात असा निसटलेला गिअर जीव घेऊ शकतो. चढावर वरच्या गिअरमध्ये जोर दिला आणि इंजिन नुसतेच ओरडले, गाडी पुढे जाईना, जळका वास आला, तर क्लच प्लेट संपली आहे. एकाच गिअरमध्ये शिट्टीसारखा सूर येत असेल तर त्या गिअरचे दात झिजलेले असतात. सगळ्याच गिअरमध्ये येत असेल तर ऑइल कमी आहे किंवा बेअरिंग गेले आहे.

सहावे : गाडी जिथे रात्रभर उभी असते तिथली जमीन पाहावी. गिअरबॉक्सखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवला तर गळती लपत नाही. सौदा पक्का करण्याआधी आपल्या मिस्त्रीकडून गिअर ऑइल काढून पाहण्याची अट घालावी. ऑइलात राखाडी, बारीक लगदा असणे जुन्या गाडीत चालते. चमकणारे तुकडे, कपच्या निघाल्या तर आत काहीतरी तुटते आहे. ऑइल फार घट्ट वाटले तर विचारावे. आवाज दाबायला जाड ऑइल भरण्याची युक्ती जुनी आहे.

आपल्या भागातले दोन मुद्दे यात जोडते. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात अर्धा क्लच दाबून गाडी ओढावी लागते, त्याने प्लेट लवकर जाते. आणि वणीच्या कोळसा पट्ट्यात कंत्राटावर धावलेली किंवा काळी-पिवळी म्हणून दुप्पट माणसे वाहिलेली गाडी बाहेरून रंगवून विकायला येते. गाडी काय काम करून आली आहे, हे मीटरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. सीट, पायातले रबर आणि लिव्हरची मूठ किती झिजली आहे, ते पाहावे.

मिस्त्री सोबत न्यावा, जरूर न्यावा. पण तो आपण निवडलेला, आपण पैसे दिलेला असावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. आणि तो जे सांगेल ते गटाच्या वहीत लिहून घ्यावे.

कागद कोणाच्या नावे

गिअरबॉक्स दुरुस्त होतो. चुकीच्या नावावर गेलेली गाडी परत मिळवणे त्याहून कठीण. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली आणि शेतकऱ्यांनी काही जमीन बायकोच्या नावे करून द्यावी, असा आग्रह धरला. त्या मोहिमेच्या मर्यादांवर आपण पुष्कळ बोललो आहोत. पण नावाचा प्रश्न मूळ प्रश्न आहे, हे तिने गावागावात नेले. गाडीलाही तोच न्याय लावावा. संघ नोंदणीकृत असेल तर गाडी संघाच्या नावे घ्यावी. नसेल तर सदस्येच्या नावे, आणि गाडी गटाची असल्याचा ठराव इतिवृत्तात सर्वांच्या सह्यांनिशी असावा. "तात्पुरती आमच्या ह्यांच्या नावे ठेवू" ही सूचना स्वीकारू नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५ आणि बँकेचे पत्र हवे. पांढरकवड्याहून आदिलाबाद जवळ आहे, म्हणून तेलंगणातली गाडी स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाते. तिच्यासाठी तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्रातला कर लागतो, तो हिशेबात धरावा. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

नावाची दुसरी बाजूही आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, गाडी विकली तरी जोवर नोंदणी बदललेली नाही तोवर अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावर येते. म्हणून गटाची गाडी पुढे विकताना नुसत्या कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळे होऊ नये. आणि कोणा पुरुषाने स्वतःच्या सोयीसाठी बायकोच्या, बहिणीच्या नावे गाडी काढली असेल, तर तिच्या डोक्यावर काय आहे, हे तिला आपण सांगितले पाहिजे.

पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने चालवता येत नाही, त्यासाठी परवाना आणि पिवळी पाटी लागते. गटाला भाड्याचे उत्पन्न हवे असेल तर हे आधी ठरवावे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचे अधिकारपत्र घेण्याचा नियम आहे. ते दाखवा, असे म्हणायला संकोच करू नये. व्यापाऱ्याने दोष लपवून विकली तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण तिथे पुरावा लागतो. गिअरबॉक्स, क्लच, इंजिन यांबद्दल विकणारा तोंडाने जे सांगतो ते त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्यावे. लिहून द्यायला तो तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

किल्ली कोणाच्या हाती

एवढे करून गाडी घेतली आणि चालवायला पुन्हा कोणाचा तरी मुलगा ठेवला, तर गाडी कुठे जाणार, कधी जाणार, रात्री जाणार की नाही, हे तोच ठरवू लागतो. मारहाणीच्या प्रकरणात "तिकडं नाही जात मी, आपल्या नात्यातले हायेत" असे म्हणणारा चालक असेल, तर गाडी असून नसल्यासारखी. म्हणून गाडीच्या पैशांतच दोघी-तिघींच्या शिकण्याचा आणि परवान्याचा खर्च धरावा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची प्रवासी गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केले आहे. त्यामुळे जीप पिवळ्या पाटीची असली तरी अडचण नाही.

बायका शिकतील का, असे अजून विचारले जाते. परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ पासून पुण्यात रिक्षा चालवली. २०१९ मध्ये एसटी महामंडळाने आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी तरुणींना बसचालकाचे प्रशिक्षण द्यायला घेतले. जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एसटी चालवली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. बायकांच्या सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या. त्याच सुमारास उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातल्या गरीब बायका हातपंप उघडून दुरुस्त करू लागल्या. आपली यंत्रे आपण उघडायची, यात नवीन काही नाही. गाडी तेवढी राहून गेली आहे.

दोन आक्षेप

कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील की हे सगळे तांत्रिक झाले, चळवळीचा मुद्दा कुठे आहे? २००६ च्या पॅकेजपासून या जिल्ह्यात कितीतरी योजना आल्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांना सात-बारा वाचायला, बँकेचा हप्ता तपासायला शिकताना आपण पाहिले. त्यालाही सुरुवातीला तांत्रिकच म्हटले गेले होते. कागद वाचता येऊ लागला तेव्हा दीर आणि सावकार यांच्याशी बोलण्याचा सूर बदलला. गाडीच्या दलालाशीही तसाच बदलेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गाडी खर्च मागते. इंधन, विमा, टायर, दर काही वर्षांनी क्लच. लहान गटाने एकट्याने गाडी घेऊच नये, असे माझेही मत आहे. आठ-दहा गटांनी, संघाच्या पातळीवर घ्यावी. किमतीच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला असेल तरच घ्यावी. गाडीची वेगळी वही असावी, कोण, कुठे, किती किलोमीटर, हे तीत लिहावे आणि दर महिन्याच्या बैठकीत ती वाचली जावी. आणि परीक्षेत गाडी नापास झाली तर इसार दिलेला असला तरी मागे फिरावे. इसाराचे पाच हजार बुडणे गिअरबॉक्सच्या बिलापेक्षा स्वस्त पडते.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने दोघींची नावे ठरवावीत. या दोघींनी महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या एखाद्या गॅरेजमध्ये बसावे, उघडलेला गिअरबॉक्स आणि झिजलेली क्लच प्लेट हातात घेऊन पाहावी, मिस्त्रीला प्रश्न विचारावेत. गॅरेजमध्ये बायका बसलेल्या पाहून सुरुवातीला लोक थांबून बघतील. तहसील कचेरीत पहिल्यांदा गेलो होतो तेव्हाही बघत होते.

ज्या गटांनी गाडी घेतली आहे, विकली आहे किंवा घेता घेता सोडली आहे, त्यांनी आपले अनुभव, झालेल्या खर्चासह, जरूर लिहून पाठवावेत.